मेणबत्ती मीच आणली होती

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण सोमवारच्या आधी वाचा. का, ते शेवटी कळेल.

गेल्या महिन्यात आपल्या गावच्या बुद्धिबळ मंडळाची बातमी टीव्हीवर आली. तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली, शेअर केली, 'गावाचं नाव झालं' म्हणून लिहिलं. मीही माझ्या वॉलवर टाकली होती. पाचशेच्या वर लाइक आले. वाळू उपशाच्या बातम्या लिहून जन्म गेला, पण एवढे लाइक मला कधी मिळाले नव्हते. आज सकाळी मी तो व्हिडिओ काढून टाकला. त्या बातमीत खरं काय होतं, खोटं काय होतं, आणि खोट्यात माझा हात किती होता, ते लिहितोय.

नावं लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहेत त्यांना माहीत आहेत. ज्या मुलीबद्दल लिहितोय तिचं नाव एकदा टीव्हीवर झालं, तेवढं पुष्कळ झालं. चॅनलचंही नाव नको. दुसरं चॅनल असतं तरी थोड्याफार फरकानं हेच झालं असतं, कारण इथला माणूस मीच असतो.

ज्यांनी खोली पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. बसस्टँडच्या मागे नगरपरिषदेची जुनी मराठी शाळा आहे. पटसंख्या घटली, शाळा बंद झाली. तिच्या शेवटच्या खोलीत १९९८ पासून मंडळ भरतं. संध्याकाळी सहा ते साडेआठ, रविवारी सकाळीही. सहा टेबलं, अकरा पट, त्यातले दोन मोठ्या स्पर्धेतले, बाकी रेक्झिनचे गुंडाळून ठेवायचे. चावीची चार घड्याळं आणि डिजिटल दोन. महिन्याची फी वीस रुपये, तीही ज्याला जमेल त्यानं. सर गणिताचे शिक्षक होते, निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली. खोलीची चावी त्यांच्या जानव्याला असते असं पोरं गमतीनं म्हणतात. पावसात, परीक्षेत, लग्नसराईत, खोली उघडायची ती उघडतेच. लाईट बिल मंडळ भरतं आणि सगळ्या पावत्या सरांनी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या आहेत. हा डबा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२८ जुलैच्या संध्याकाळी मी त्या खोलीत होतो. जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषकाची फायनल चालू होती. एका बाजूला आपली नागपूरची दिव्या देशमुख, दुसऱ्या बाजूला कोनेरू हम्पी. म्हणजे कोणीही जिंकलं तरी कप भारतातच येणार. आदले दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते, त्या दिवशी जलद डावांचा टायब्रेक. बँकेतल्या एका सभासदाचा लॅपटॉप टेबलावर, आणि भोवती पंधरा-वीस पोरं. कोणी बोलत नव्हतं. पडद्याच्या कडेची पट्टी काळी-पांढरी होत वर-खाली सरकत होती आणि पोरांच्या माना तिच्याबरोबर हलत होत्या. पहिला जलद डावही बरोबरीत गेला. दुसऱ्यात दिव्या जिंकली. १९ वर्षांची पोरगी विश्वचषक जिंकली आणि त्याच विजयानं ग्रँडमास्टर झाली, देशातली ८८वी. पडद्यावर ती रडत आईच्या गळ्यात पडली तेव्हा आमच्या खोलीत आधी शांतता झाली आणि मग असा आरडाओरडा, की बाजूच्या पानटपरीवरचे लोक काय झालं म्हणून पाहायला आले.

त्या घोळक्यात एक मुलगी होती. अकरा वर्षांची, सहावीत शिकणारी. ती ओरडली नाही. सरांना म्हणाली, "सर, शेवटची चाल परत दाखवा ना." खरं तर माझी बातमी तिथेच होती. मला ती दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेस्कवरून फोन आला. मी त्या चॅनलचा स्ट्रिंगर आहे. पगार नसतो. स्टोरी लागली तर स्टोरीमागे पैसे, नाही लागली तर पेट्रोल आपलं. फोनवरचा मुलगा म्हणाला, "दादा, दिव्या जोरात चालू आहे. तुमच्याकडं असं काही मिळेल का? छोटं गाव, मुलगी, घरची परिस्थिती बेताची. आणि शेवटी आईला मिठी मारते वगैरे, तसं व्हिज्युअल पाहिजे."

दिव्याचे आईवडील दोघंही डॉक्टर आहेत. तिची गोष्ट गरिबीची नाहीच, खेळाची आहे. हे मला माहीत होतं. तरी मी अर्ध्या मिनिटात म्हणालो, "आहे."

त्या मुलीच्या वडिलांचं इस्त्रीचं दुकान आहे. तुम्ही सगळे त्यांना ओळखता. माझे कपडे अठरा वर्षं त्यांच्याकडे जातात. दुकान स्वतःचं, दोन खोल्यांचं घर स्वतःचं. आई शिवणकाम करते. मुलीला स्पर्धेला न्यायचं तर प्रवेश फी, एसटी, कधी मुक्काम, सगळं जड जातं हे खरं. पण ते नेतात. वर्धा, अमरावती, नागपूर, रात्रीच्या एसटीनं जाऊन परत. तिला फिडे रेटिंग मिळालं त्या दिवशी त्यांनी दुकानावर पेढे वाटले होते. मीही खाल्ला होता.

डेस्कला स्क्रिप्टसाठी मुद्दे लागतात. ते मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. त्यातले दोन इथे जसेच्या तसे देतो, फोनमध्ये अजून आहेत. 'नगरपरिषद शाळेची पडकी इमारत, कधीही कोसळू शकते.' आणि 'वडील इस्त्री करतात, दोन वेळच्या जेवणाची भ्रांत.'

पहिलं खोटं. व्हरांड्याच्या एका कोपऱ्यातली कवेलू सरकली आहेत आणि तिथं पाणी गळतं, एवढंच. खोलीच्या भिंती तुमच्या-माझ्या घरापेक्षा जाड आहेत. दुसरं तर धडधडीत खोटं. पत्रकारितेच्या डिप्लोमाला असताना आमचे एक प्राध्यापक म्हणायचे, विशेषण लिहिण्याआधी ते ज्याच्याबद्दल आहे त्याच्यासमोर मोठ्यानं वाचून बघा. मी हे दोन मुद्दे इस्त्रीच्या दुकानासमोर उभं राहून वाचले असते का? नाही.

टीम नागपूरहून आली. रिपोर्टर आणि कॅमेरामन, दोघंही पंचविशीतले. साडेदहाचं सांगून एक वाजता पोचले. पोरं शाळेला दांडी मारून सकाळपासून बसली होती. पाऊस होता, उकाडा होता, आणि आवाज येतो म्हणून पंखे बंद केले. मग सुरू झालं.

आधी टेबल दारात नेलं, उजेडासाठी. चौकटीत नीट बसेना म्हणून कॅमेरामननं पट आडवा फिरवला. सर लगेच म्हणाले, "अहो, उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर यायला पाहिजे. हा उलटा झाला." तो हसून म्हणाला, "सर, कोणाला कळतंय?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "पाचच मिनिटं सर, होऊ द्या."

मग घड्याळ. बुद्धिबळात ज्या हातानं चाल केली त्याच हातानं घड्याळाचं बटण दाबायचं असतं, आणि दाबायचं, आपटायचं नाही. सर नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. रिपोर्टरला ते आपटलेलं पाहिजे होतं. "जोरात! अजून जोरात!" चावीचं एक घड्याळ त्या दिवसापासून बंद आहे. मग सगळ्यांनी मिळून 'चेकमेट' ओरडायचं. तीनदा ओरडून झालं, चौथ्यांदा पोरांना हसू आवरेना. तेवढा भाग सगळ्यांना आवडला, खोटं कशाला बोलू. पोरं खूश होती. सकाळपासून उपाशी होती तरी खूश होती.

दुपारी चारला मुलीच्या घरी गेलो. तिथं मेणबत्तीची कल्पना निघाली. रिपोर्टर म्हणाला, लाईट गेलेली आणि ती अंधारात प्रॅक्टिस करतेय, असा एक शॉट मिळाला तर शेवट छान होईल. लाईट होती. मेनस्विच मी बंद केला. घरात मेणबत्ती सापडेना. कोपऱ्यावरच्या दुकानातून दहा रुपयांची मेणबत्ती मी आणली. खिडकीला सतरंजी लावून अंधार केला. मुलगी गुमान बसली. आईला सांगितलं, तिला जवळ घ्या. आई म्हणाली, "आत्ता काऊन जवळ घेऊ? तिनं काय केलं?" रिपोर्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "वहिनी, एक मिनिट घ्या ना. गावाचं नाव होईल."

वडील दुकानातून आले तेव्हा त्यांना इस्त्री हातात घेऊन उभं केलं आणि विचारलं, "किती त्रास होतो?" ते म्हणाले, "त्रास कायचा? धंदा आहे." तो बाईट लागला नाही.

बातमी गुरुवारी साडेसातला लागणार होती. मंडळाच्या खोलीत कोणीतरी घरचा टीव्ही आणून बसवला. आयांसकट पन्नासेक माणसं जमली. साडेसातला मुंबईचं काहीतरी ब्रेकिंग आलं. आठ वाजले, नऊ वाजले, पोरं पेंगायला लागली. सरांनी तेवढ्यात दोन पट मांडले आणि ज्यांना झोप येत होती त्यांना खेळायला बसवलं. शेवटी पावणेअकराला लागली. दोन मिनिटं वीस सेकंद.

'कधीही कोसळेल अशा इमारतीत...' 'दोन वेळच्या जेवणाची भ्रांत...' मेणबत्ती. डोळे खाली घातलेली मुलगी. तिला जवळ घेऊन अवघडलेली आई. करुण संगीत. सरांनी पंधरा मिनिटं दिलेल्या मुलाखतीतलं एक वाक्य: "मदत मिळाली तर मुलं पुढे जातील." ती मुलगी जिल्ह्यात पहिली कशी आली, कोणाला हरवलं, कोणतं ओपनिंग खेळते, यातलं काही नाही. 'चेकमेट' मात्र दोनदा.

टाळ्या वाजल्या. लोक उठून मला हात मिळवायला लागले. मुलगी माझ्या मागेच बसली होती. ती सरांना हळूच म्हणाली, "सर, पट उलटा आहे." सर म्हणाले, "हो बेटा. पाहिलं मी."

पुढचे दहा दिवस मजेचे होते, असंच सगळ्यांना वाटलं. चौकात फ्लेक्स लागले. फ्लेक्सवर मुलीचा फोटो छोटा आणि शुभेच्छुकांचे मोठे. रविवारी सत्कार झाला. पुढाऱ्यांनी 'बुद्धिबळ भवन' बांधायचं जाहीर केलं. दोन पक्षांनी जाहीर केलं, म्हणजे दोन भवनं होणार. मंडळात एका आठवड्यात एक्केचाळीस नवी पोरं आली. पट अकरा. सरांनी पोरांच्या पाळ्या लावल्या, खाली सतरंजीवर बसवलं, घसा बसेपर्यंत शिकवलं. आजच्या तारखेला त्यातली नऊ टिकून आहेत. सर म्हणतात नऊ खूप झाली, एरवी वर्षाला चार-पाचच टिकतात. टीव्हीचा हा फायदा झाला, तो नाकारणार नाही.

पण त्याच दहा दिवसांत दुसरंही चालू होतं, ते मला उशिरा कळलं.

पटाचा तो उलटा फोटो कोणीतरी स्क्रीनशॉट काढून खेळाडूंच्या ग्रुपवर टाकला. 'यांना पट मांडता येत नाही आणि म्हणे ग्रँडमास्टर घडवतात.' पुढच्या स्पर्धेत दुसऱ्या गावची पोरं आपल्या पोरांना विचारायची, "तुमच्याकडे उलटा खेळतात का?" सर सत्तावीस वर्षं पोरांना पहिल्या दिवशी जे शिकवत आले, तेच त्यांच्या नावावर चुकीचं लागलं. ते मला एका शब्दानंही बोलले नाहीत.

शाळेत मुलीला पोषण आहाराची खिचडी जास्त वाढायला लागले. वाढणाऱ्या मावशींचं मन चांगलंच होतं. पण रांगेतल्या पोरी म्हणाल्या, हिच्या घरी खायला नाही, टीव्हीवर दाखवलं. चौथ्या दिवशी तिनं डबा नेणं आणि मंडळात येणं, दोन्ही बंद केलं.

मी शर्ट आणायला दुकानावर गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी शर्ट दिले नाहीत. आधी इस्त्री बाजूला ठेवली. म्हणाले, "भाऊ, अठरा वर्षं झाले तुमचे कपडे करतो. मी कधी कोणाले उसने मागतले का?"

"नाही."

"मंग माह्या घरात खायले नाही असं काऊन सांगतलं? माह्या सासऱ्याचा फोन आला, पोरीले इकडे आणून सोडा म्हणे. गावात लोक आता पैसे ठेवून जातात, सुट्टे राहू द्या म्हणतात. मले सुट्टे नाही पाहिजे जी. मले माहे पैसे पाहिजे."

मी म्हणालो, चॅनलनं वाढवून लिहिलं. म्हणजे तिथेही खोटंच बोललो. घरी येऊन रात्री तो व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज परत वाचला. चॅनलनं वाढवलं नव्हतं. मी पाठवलेलं तेवढंच घेतलं होतं.

आणि मग आली नोटीस.

नगरपरिषदेची, ऑगस्टच्या शेवटी. 'सदर इमारत जीर्ण व धोकादायक असल्याचे तसेच सदर खोली विनाकरार वापरात असल्याचे निदर्शनास आले आहे, तरी सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा खोली रिकामी करून घेण्यात येईल.' मी कार्यालयात जाऊन विचारलं, सत्तावीस वर्षांनी हे अचानक निदर्शनास कसं आलं? बाबू प्रामाणिक माणूस. म्हणाला, "साहेबांनी बातमी पाहिली ना तुमची. कधीही कोसळेल म्हणता, मग उद्या पोरांवर पडली तर जबाबदार कोण?"

यावर काय उत्तर देणार? त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. धोकादायक इमारतीत मुलं बसतात हे टीव्हीवर पाहून अधिकाऱ्यानं काही केलं नसतं तर मीच उद्या बातमी लावली असती, 'प्रशासन झोपेत'. फरक इतकाच, की इमारत धोकादायक नाही. ती मी शब्दांनी पाडली. तेव्हाच्या अध्यक्षांनी तोंडी परवानगी दिली होती, ते आज हयात नाहीत. कागद नाही. कागद आहेत ते फक्त सरांच्या बिस्किटाच्या डब्यातले, सत्तावीस वर्षांच्या लाईट बिलांच्या पावत्या. सध्या नगरपरिषदेवर प्रशासक आहेत, नगरसेवकच नाहीत, त्यामुळे सत्काराला स्टेजवर मावत नव्हते त्यांच्यापैकी कोणालाही विचारा, 'आमच्या हातात काही नाही' हेच उत्तर मिळतं. भवनाचं विचारलं तर, जागेचा शोध चालू आहे. जागा आहे त्याचं काय, हे कोणी बोलत नाही.

मी डेस्कला फोन केला. म्हटलं दुरुस्ती लावा, इमारत पडकी नाही, कुटुंब उपाशी नाही. तिकडचा मुलगा म्हणाला, "दादा, स्टोरी जुनी झाली ना आता. व्ह्यूज चांगले होते पण." स्टोरीचे पैसे मात्र वेळेवर आले.

काही जण म्हणतील, टीव्हीला असंच लागतं, बुद्धिबळात दाखवण्यासारखं असतं काय? मीही हेच समजत होतो. त्यावर सरांनी मला एकदा सांगितलं होतं. १९७२ साली फिशर आणि स्पास्कीची लढत आइसलँडमध्ये झाली, तेव्हा अमेरिकेत सार्वजनिक टीव्हीवर शेल्बी लायमन नावाचा एक बुद्धिबळ शिक्षक भिंतीवरच्या पटासमोर उभा राहून तासन्‌तास डाव समजावून सांगायचा. पुढची चाल यायला वेळ लागायचा. तोवर आता काय होऊ शकतं यावर तो बोलायचा, आणि कधी पट हातात न धरलेली लाखो माणसं ते पाहत बसायची. नंतर बीबीसीनं 'द मास्टर गेम' नावाचा कार्यक्रम केला. त्यात खेळाडू प्रत्येक चालीच्या वेळी मनात काय चाललं होतं ते स्वतःच्या तोंडून सांगायचे. आता तर मोबाइलवर बघा. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला गुकेश डिंग लिरेनला हरवून जगज्जेता झाला, तो चौदावा डाव आपली पोरं त्याच खोलीत बसून शेवटपर्यंत पाहत होती. कोणी त्यांना करुण संगीत लावलं नव्हतं.

म्हणजे दाखवता येतं. त्या दिवशी आम्हाला फक्त एवढं करायचं होतं, की मुलीसमोर पट सरळ मांडायचा आणि विचारायचं, बेटा, जिल्ह्याच्या फायनलचा डाव दाखव. मी नंतर तो सरांकडून समजून घेतला. तिचा वजीर अडकला होता. तिनं तो वाचवायचा प्रयत्न सोडून हत्ती आणि घोड्यानं राजावर हल्ला केला आणि समोरच्या नववीतल्या मुलाला आठ चालींत मात दिली. दोन मिनिटं वीस सेकंदांत हे आरामात बसलं असतं, वडिलांच्या 'त्रास कायचा, धंदा आहे' यासकट. बघणाऱ्यांनी दया केली नसती. मुलीला हुशार म्हटलं असतं.

पैशाचा प्रश्न नाही असं मी म्हणत नाही. आहे. दिव्याला राज्य सरकारनं ३ कोटी दिले, योग्यच केलं, तिनं ते कमावलं. पण गावातल्या पोराला स्पर्धेला जायला एसटीचं भाडं, मुलींसाठी एक नीट संडास, दोन-चार घड्याळं आणि एक खोली लागते, जी उद्याही उघडी असेल याची खात्री असेल. हे मागण्यासाठी कोणाला उपाशी दाखवायची गरज नव्हती. हे हक्कानं मागता आलं असतं.

परवा मी इस्त्रीच्या दुकानावर परत गेलो. या वेळी मेसेज उघडून फोन त्यांच्या हातात दिला. म्हटलं, हे मी लिहिलं होतं, चॅनलनं नाही. त्यांनी सावकाश वाचलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही लिहिलं ते लोकायनं पाहिलं. आता हे सांगता ते कोण पाहीन?" म्हणून ही पोस्ट. त्यांना दाखवूनच टाकतोय.

मुलगी दुकानाच्या ओट्यावर दप्तर घेऊन बसली होती. मी विचारलं, रागावली का? तिनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मग म्हणाली, "काका, मेणबत्ती कशाले लावली होती? आपली लाईट तर होती."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. या क्षणीही नाही.

आता कामाचं. सोमवारी सकाळी ११ वाजता मुख्याधिकाऱ्यांसमोर खोलीची सुनावणी आहे. एका निवृत्त अभियंत्यांनी इमारत पाहून लेखी अहवाल दिला आहे: भिंती आणि लाकूड चांगल्या स्थितीत, फक्त व्हरांड्याच्या कोपऱ्यातली कवेलू बदलायची. ती बदलायचं काम या रविवारी मंडळाचे जुने सभासद स्वतः करणार आहेत. मी माझ्या सहीनं लेखी निवेदन देतोय, की 'पडकी' हा शब्द माझा होता आणि तो चुकीचा होता. बिस्किटाचा डबा घेऊन सर येणार आहेत.

तुम्ही दोन गोष्टी करा. जे कधी ना कधी त्या खोलीत खेळले आहेत, आज इंजिनिअर, कंडक्टर, शेतकरी, बँकेत, कुठेही असा, त्यांनी चार ओळींचं पत्र स्वतःच्या हातानं लिहून सोमवारी घेऊन या. कोणत्या वर्षी यायचो, काय शिकलो, एवढंच. बाहेरगावी असाल तर मला फोटो पाठवा, मी प्रिंट काढून जोडतो. मागणीही साधी आहे, भवन नको. याच खोलीचा नाममात्र भाड्यानं किमान तीन वर्षांचा लेखी करार, आणि शाळेच्या बंद संडासापैकी एक मुलींसाठी उघडून द्यावा.

दुसरं, त्या दुकानावर गेलात तर इस्त्रीचे जेवढे होतात तेवढेच पैसे द्या आणि सुट्टे परत घ्या.

मुलगी मंडळात परत येईल की नाही, माहीत नाही. वडील म्हणतात, पोट्टी ठरवीन. सरांनी तिचं टेबल तसंच ठेवलंय, खिडकीजवळचं. पट सरळ मांडलेला आहे.

सोमवारी या. फोटो कोणी काढू नका. मीही काढणार नाही.